चिंचोक्याची खळ

भांडायची हौस मला लहानपणापासूनच. बोरखेळ्ळीत हापशावर घागरीचा नंबर कुणी मोडला की बायका म्हणायच्या, मादूला बोलवा. माझं पाळण्यातलं नाव महादेवी, पण एवढं लांब नाव घेऊन हाक मारायला भांडणात कुणाला सवड नसते. तर सांगायचं म्हणजे, ज्या माणसाशी मी सगळ्यात जास्त भांडले, जवळजवळ तीन महिने, रविवार सोडून रोज, त्याचं तोंड मी आजवर बघितलेलं नाही. तो बाप्या होता की बाई, हेही खात्रीनं सांगता येणार नाही. मी बाप्याच धरून चालले, कारण तसं धरलं की राग करायला बरं पडायचं. लोक बांधावरून भांडतात, भावकीत भांडतात. आम्ही दोघं भांडलो ते घोंगडीच्या सुताला खळ कोण लावतं आणि कशी लावतं यावरून. आज सांगताना मलाच हसू येतं, पण तेव्हा त्यापायी घास गोड लागत नव्हता.

आमचं घर म्हणजे पुढच्या खोलीत माग आणि मागच्या खोलीत चूल. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून अप्पा बसलेले असायचे. आजोबांपर्यंत आमच्यात मेंढरं होती. अप्पांच्या वाट्याला मेंढरं आली नाहीत, माग आला. लाकडी पट्टीनं धागा ठोकला की खट्ट असा आवाज यायचा, मग जरा थांबून दुसरा, आणि त्या आवाजावर आमच्या घरात सगळं चालायचं. तो थांबला की माय चुलीपाशी बसल्या बसल्या ओळखायची, धागा तुटला. अप्पा आमच्याशी मराठीत बोलायचे, लोकर घेऊन येणाऱ्या मेंढक्यांशी कन्नडात आणि बाजारात उर्दूत. तुटलेल्या धाग्याला शिवी मात्र कन्नडातच जायची, तिथं दुसरी भाषा चालत नसे. गावात लोक म्हणायचे, घोंगडी घ्यावी तर अप्पांची. ती अप्पांची कशी, हे मला पुष्कळ दिवस खटकलं नाही. लोकर निवडायची माय, धुवायची माय, पिंजायची माय, दारात बसून चातीवर सूत कातायची तीही मायच. माझ्या डोळ्यापुढं मायचा हात रिकामा असा येतच नाही.

आणि खळ. ज्यांनी घोंगडी नुसती पांघरलीय त्यांच्यासाठी सांगते, लोकरीचं सूत मऊ आणि फुसकं असतं, तसंच मागावर चढवलं तर पावलोपावली तुटतं. म्हणून उभे धागे आधी गल्लीत ताणून बांधायचे आणि त्यांना चिंचोक्याची पातळ पेज, म्हणजे खळ, कुंच्यानं लावायची. उन्हात ती वाळली की सूत ताठ होतं. आमच्या दारापासून मारुतीच्या भिंतीपर्यंत ताणा लागायचा आणि त्या दिवशी गल्लीतून गाडी जायची नाही. गाडीवाला मुकाट्यानं दुसऱ्या अंगानं जायचा, कुरकुर करायचा नाही, कारण थंडीत त्यालाही घोंगडी लागायची. माय कुंचा घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायची, परत फिरायची, परत चालायची. घरात चूल पेटलेली असायची पण स्वयंपाक नसायचा. सकाळचीच ज्वारीची भाकरी, आदल्या दिवशीची पुंडीची, म्हणजे अंबाडीची, भाजी आणि शेंगदाण्याची चटणी. पण मला तो दिवस आवडायचा. घरभर चिंचोके भाजल्याचा वास असायचा, तव्यावर ते तडतड उडायचे, आणि माझ्या फ्रॉकच्या खिशात गरम गरम मूठभर पडायचे. एक चिंचोका गालात धरला की अर्धा दिवस पुरायचा. दात पडायचे बाकी राहायचे एवढे टणक.

मला मात्र मायनं त्या कामाला हात लावू दिला नाही. खळीच्या हंड्याजवळ गेले तरी ओरडायची. खळीचा आणि ओल्या लोकरीचा मिळून एक वास होतो, तो हाताला लागला की चार दिवस जात नाही, भाकरी खाताना येतो. माय म्हणायची, तुज्या हाताला ह्यो वास लागू द्यायचा न्हाई मला, तू शीक. दहाव्या वर्षी तिनं मला बिदरला हॉस्टेलात घातलं, अप्पा नको नको म्हणत असताना घातलं. मी शिकले, बी.ए. झाले, आणि नोकरी काही लागली नाही. गावातली माझ्या वयाची पोरं-पोरी तोवर बिदरजवळच्या कोळारच्या कारखान्यांत लागली होती, माझा थोरला भाऊ हैदराबादला बांधकामावर गेला होता. मी चिटगुप्प्यात मैनोद्दीनचाचांच्या डी.टी.पी. सेंटरात टायपिंगला बसले. सकाळच्या बसनं जायचं, संध्याकाळच्या बसनं यायचं.

चाचांच्या दुकानात लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, बॅनर आणि स्मरणिका निघायच्या. मराठी आणि कन्नड मी टाइप करायची, उर्दू चाचा स्वतः. आमच्या धंद्याची एक रीत होती, ती इथं सांगून ठेवते, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यामुळंच झाला. स्मरणिकेत ज्यांचे लेख यायचे त्यांतले निम्मे लोक लेख लिहीतच नसत. दुकानात यायचे, खुर्चीवर बसायचे, चहा प्यायचे आणि म्हणायचे, ताई, तुम्हीच लिहा काहीतरी चांगलं, खाली माझं नाव टाका. मग अध्यक्षांचं मनोगत मी लिहायची, सचिवांचे दोन शब्द मी लिहायची, आणि कुणाच्या तरी वडिलांची श्रद्धांजली लिहिताना मलाच रडू यायचं. यात खोटेपणा आहे असं आमच्या मनातही कधी आलं नाही. शिंप्यानं शिवलेला सदरा आपण आपला म्हणूनच घालतो, तसंच ते होतं.

त्याच सुमारास दुकानात इंटरनेट आलं, पत्रिकेसाठी गणपतीची चित्रं उतरवायला. काम नसलं की मी इकडं तिकडं बघत बसायची. तसं बघताना एक मराठी ज्ञानकोश सापडला, कुणीही लिहावा आणि कुणीही दुरुस्त करावा असा. माझा आधी विश्वासच बसला नाही. कुणीही म्हणजे मीसुद्धा? मी पहिला शब्द शोधला तो घोंगडी. चार ओळी होत्या. घोंगडी हे मेंढीच्या लोकरीचे जाडसर पांघरूण असून विणकर पुरुष ते हातमागावर विणतात, वगैरे. बायकांचं नाव नाही, सुताचं नाव नाही, खळीचं नाव नाही. मी सदस्य झाले, नाव घेतलं बोरखेळ्ळी, आणि जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून दहा ओळींचा एक परिच्छेद ठोकून दिला. लोकर निवडण्यापासून खळ लावण्यापर्यंतची सगळी कामं स्त्रिया करतात, चिंचोके भाजून, त्यांची साल काढून, दळून त्याची खळ करतात, असं. बिदर जिल्ह्यातील बोरखेळ्ळी येथील नागव्वा यांच्यासारख्या स्त्रियांमुळे ही कला टिकून आहे, हेही घातलं. मायचं नाव पडद्यावर बघून माझं मलाच भरून आलं. डबा खाऊन हात धुऊन परत आले तर परिच्छेद गायब.

मला वाटलं लाइट गेल्यामुळं पुसलं असेल. परत टाकला. दहा मिनिटांत परत गायब. तिसऱ्यांदा टाकला, तोही गेला, आणि या खेपेला माझ्या नावाच्या पानावर निरोप आला. निरोप पाठवणाऱ्यानं स्वतःचं नाव घेतलं होतं नीरक्षीर. नमस्कार, आपले ज्ञानकोशात स्वागत आहे, आपण जोडलेल्या मजकुराला संदर्भ नसल्याने तो काढला आहे, कृपया छापील, विश्वासार्ह संदर्भ द्यावा. भाषा पत्रिकेवरच्या 'आपले कृपाभिलाषी'सारखी. मी उत्तर दिलं की संदर्भ माझ्या घरात चुलीपाशी बसलेला आहे, माझी आई चाळीस वर्षं हे काम करते. त्यावर त्यानं लिहिलं ते वाक्य मला आजही तोंडपाठ आहे: "आपल्या मातोश्रींबद्दल पूर्ण आदर आहे, परंतु मातोश्री हा संदर्भ होऊ शकत नाही."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी लिहिलं, तुम्ही जन्मात कधी मेंढरू तरी बघितलंय का? त्यानं लिहिलं, प्रश्न मेंढराचा नाही. मी लिहिलं, ताटात पडलेलं खाणाऱ्याला चूल कुठं दिसते. त्यानं लिहिलं, कृपया व्यक्तिगत टीका टाळावी. असं रोज चाललं. सकाळी दुकान उघडलं की पत्रिकेच्या आधी मी त्याचं उत्तर वाचायची. तो एका जुन्या पुस्तकाचा हवाला द्यायचा, ज्यात लिहिलं होतं की विणकाम पुरुष करतात. मी विचारायची, त्या पुस्तकवाल्यानं घराच्या मागच्या खोलीत डोकावलं होतं का? शेवटी मी त्याला एक शब्द वापरला, तो इथं देत नाही, आणि ज्ञानकोशाच्या प्रचालकांनी, म्हणजे तिथला कारभार बघणाऱ्यांनी, मला तीन दिवस बाहेर काढलं. वर्गाबाहेर अंगठे धरून उभं करतात तसंच ते. चाचा पोट धरून हसले. पण तीन दिवस माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मला सगळी खरी माणसं सोडून त्या बिनतोंडाच्या माणसाकडून एकच गोष्ट कबूल करून घ्यायची होती, की माझ्या मायनं काहीतरी केलंय. इतकं शिकून मी तिला दिलं काय होतं? दहा ओळी होत्या, त्याही टिकत नव्हत्या.

एवढ्यात आमच्या गावच्या शाळेला पन्नास वर्षं झाली आणि स्मरणिकेचं काम चाचांकडे आलं. निवृत्त हेडमास्तर शंकरगुरुजी दुकानात आले. मला पहिली ते चौथी त्यांनीच शिकवलेलं. त्यांच्याकडून कमिटीनं लेख मागितला होता आणि त्यांचं डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं. ते म्हणाले, मादू, तूच लिही गं आपल्या गावाबद्दल चांगलं काहीतरी, आणि माझं नाव टाक. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. छापील संदर्भ पाहिजे ना? घ्या छापील. 'आमच्या गावची घोंगडी' या नावाचा दोन पानी लेख मी एका बैठकीत टाइप केला, त्यात माझा तो परिच्छेद शब्दाला शब्द ठेवला, फक्त मायचं नाव काढलं आणि गावातल्या स्त्रिया असं केलं. खाली शंकरगुरुजींचं नाव, निवृत्त मुख्याध्यापक. गुरुजींनी तो वाचून घेतला, छान म्हणाले. स्मरणिका छापून आली त्या दिवशी मी परिच्छेद परत टाकला आणि शेवटी संदर्भ दिला, लेखक, स्मरणिका, पृष्ठ क्रमांक, सगळं रीतसर. दुसऱ्या दिवशी नीरक्षीरचा निरोप होता. उत्तम संदर्भ, परिच्छेद ठेवला आहे, आपल्या चिकाटीचे कौतुक वाटते. मी चाचांना आणि समोरच्या टेलरला चहा पाजला.

त्या संध्याकाळी मी ते पान छापून घरी नेलं. मायला वाचता येत नव्हतं. ती दारात चाती फिरवत बसली होती, मी उंबऱ्यावर बसले आणि वाचून दाखवलं. घोंगडीचं नाव आलं तशी तिनं चाती थांबवली. स्त्रिया करतात हे ऐकून तिनं पदर तोंडाला लावला, म्हणजे तिला हसू आलं होतं. मग खळीचं वाक्य आलं आणि तिनं मला थांबवलं.

"काय म्हणलीस? भाजून?"

"व्हय. चिंचोके भाजून, साल काढून."

"खळीला कोण भाजतंय गं बाई?" माय म्हणाली. "भाजलं की चीक मरतो त्याचा. खळीचे चिचुके भिजू घालायचे असत्यात."

मी म्हटलं, माय, मला चांगलं आठवतंय, तू तव्यावर भाजायचीस, घरभर वास यायचा. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "ते तुज्यासाठी भाजत व्हते की. खायला. नसता हंड्याभवती घुटमळायचीस, हात घालाया बघायचीस त्यात. म्हणून मूठभर भाजून द्यायचे अन् भायेर घालवायचे."

मी लहानपणची दहा वर्षं त्या घरात काढली होती आणि मायच्या नावानं तीन महिने भांडले होते, पण या तीन महिन्यांत एकदाही मायला विचारलं नव्हतं की खळ कशी करतात. विचारायची गरजच वाटली नाही, घरचंच ते. नीरक्षीरला मी विचारत होते, तो पुस्तकवाला मागच्या खोलीत डोकावला होता का. मी तरी कुठं डोकावले होते? पान नीट घडी करून मायनं ट्रंकेत ठेवलं, लग्नातल्या शालूच्या खाली.

दुसऱ्या दिवशी मी भाजूनच्या जागी भिजवून केलं. तासाभरात नीरक्षीरनं ते जसंच्या तसं केलं. आपण स्वतः दिलेल्या छापील संदर्भात भाजून असे स्पष्ट आहे, संदर्भाशी विसंगत बदल करू नये. मी कपाळाला हात लावला. बोलणार काय? तो लेख मीच लिहिला होता असं सांगितलं तर गुरुजींची अब्रू जाणार, मी खोटारडी ठरणार आणि परिच्छेद उडणार, म्हणजे बायका परत गायब. न सांगावं तर खोटं छापलेलं राहणार. मी गप्प बसले. आयुष्यात मी भांडणातून अंग काढून घेतलं असेल तर त्या एका वेळी. एका शब्दाची तर चूक, कोण बघतंय, असं मनाला सांगितलं.

पण बघणारे निघाले. थंडी सुरू होताना एका मोठ्या शहरातल्या कॉलेजातून तीन मुली आणि त्यांचे सर आमच्या गावात आले. कापडाचं, विणकामाचं शिकणारी मुलं ती. त्यांच्या हातात माझ्या परिच्छेदाचं छापलेलं पान होतं, त्यात बोरखेळ्ळीचं नाव वाचून पत्ता शोधत आलेली. तोवर जवळच्या मन्नाएखेळ्ळीला हायवेवर चट्ट्यापट्ट्याची ब्लँकेटं ट्रकानं येऊन पडायला लागली होती आणि अप्पांकडं घोंगडी मागायला महिन्यात एखादं माणूस यायचं. त्यामुळं शहरातून गाडी करून कुणी आलंय म्हटल्यावर अख्खी गल्ली जमली. रविवार होता, मी घरी होते. अप्पांनी माग चालवून दाखवला, मायनं सूत कातून दाखवलं, एक मुलगी कॅमेऱ्यात सगळं घेत होती. मग दुसरी पान बघून म्हणाली, आजी, आता खळ दाखवता? चिंचोके आधी भाजून घेता ना तुम्ही?

मायनं माझ्याकडं बघितलं. आत हंड्यात तीन दिवसांचे भिजवलेले चिंचोके तयार होते, मला माहीत होतं. मी तोंड उघडायला पाहिजे होतं. गल्लीतल्या सगळ्या बाया माझ्या आईकडं कौतुकानं बघत होत्या, कॅमेरा चालू होता, आणि मी नजर फिरवली. माय म्हणाली, "मादे, तवा आण." मी तवा आणून दिला. तिनं कोरडे चिंचोके घेतले, तव्यावर टाकले आणि हलवत राहिली. ते तडतडले, तोच वास सुटला. भाजलेल्यांची तिनं साल काढली, जात्यात भरडले, दुसऱ्या हंड्यात पाणी घालून शिजवले. अप्पांनी मागावरून मान वर करून बघितलं आणि परत खाली घातली. पट्टीचा आवाज मात्र थांबला होता. मुली पानावर बोट ठेवून म्हणत होत्या, हो, अगदी असंच लिहिलंय.

गाडी गेली, गल्ली पांगली. मायनं तो सगळा हंडा उचलून उकिरड्यावर नेऊन ओतला, घासला आणि पालथा घातला. मी मागं मागं गेले. म्हटलं, माय, कामून केलीस असं? ती पदराला हात पुसत म्हणाली, "तू छापलीस की. माज्या लेकीचं लिवलेलं चार लोकांम्होरं मी खोटं पाडू व्हय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चाळीस वर्षं त्या बाईनं एक धागा वाईट जाऊ दिला नव्हता. कुंचा मारताना एक जागा कोरडी राहिली तरी ती परत मागं यायची. आणि माझ्यापायी ती कॅमेऱ्यासमोर बसून आपल्या हातानं आपलं काम चुकीचं करून दाखवत होती. मी रडले, चांगली मोठ्यानं रडले. माय म्हणाली, येडी हायीस का, आन् भाकरी टाकायला गेली.

दुसऱ्या दिवशी दुकानात जायच्या आधी मी गुरुजींकडं गेले आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, सांगून टाक, मला घोंगडी पांघरायची तेवढी माहीत, माझं नाव विणायच्या भानगडीत आलंच कशाला? तरी दुकानात येऊन मी दुपारपर्यंत हात चोळत बसले. चाचांना सांगितलं, उद्या लिहिते. चाचा पत्रिकेचं मुद्रित तपासत होते, वर न बघता म्हणाले, "सच बोलने कू भी मुहूर्त देखते क्या बेटी?" मग मी लिहिलं. तो लेख माझाच आहे, गुरुजींनी फक्त विश्वासानं नाव दिलं, खळीची माहिती चुकीची आहे, आणि चूक माझी आहे, माझ्या आईची नाही. त्या मुलींच्या सरांनी जाताना कार्ड दिलं होतं, त्या पत्त्यावरही तेच लिहून पाठवलं. त्यांचं उत्तर काही आलं नाही.

नीरक्षीरचं आलं, संध्याकाळच्या आत. परिच्छेद त्यानं काढून टाकला होता, अख्खा. परत त्या चार ओळी, विणकर पुरुष हातमागावर विणतात. खाली माझ्यासाठी निरोप होता: "आपल्या प्रामाणिकपणाबद्दल आभार. आपण कधी हे स्वतःच्या नावाने आणि मातोश्रींना विचारून छापलेत, तर अवश्य कळवा. मी स्वतः जोडीन." तीन महिने मी त्याला नाही नाही ते बोलले होते आणि आता त्याच्यावर राग यावा तर येत नव्हता. मी संगणक बंद केला. त्यानंतर त्या ज्ञानकोशात मी फारशी गेले नाही.

मायला सांगितलं की पुसलं. ती म्हणाली, पुसू दे, खोटं ठिवण्यापरीस पुसलेलं बरं. मग काय वाटलं कुणास ठाऊक, पुढच्या रविवारी तिनं मला चुलीपाशी हाक मारली, बांगड्या मागं सार म्हणाली आणि माझा हात धरून हंड्यात घातला. पंचवीस वर्षांची मी, पहिल्यांदा त्या हंड्यात हात घालत होते. आतलं पाणी गार आणि बुळबुळीत होतं. तिनं एकेक सांगितलं, मी केलं, चुकलं तिथं तिनं हातावर चापट मारली. चार दिवस भाकरी खाताना तो वास येत राहिला.

माय जाऊन आता बरीच वर्षं झाली. अप्पा तिच्या आधीच गेले, मागाचा खड्डा भावानं बुजवून वर फरशी घातली. ती बैठकीची खोली झालीय, तिथं टीव्ही आहे. ट्रंकेतलं ते घडी केलेलं पान मी काढलं नाही, शालूखालीच आहे. माझ्या आठवणींचं हे पुस्तक छापायचं ठरलं तेव्हा सगळ्यात आधी मी हे प्रकरण लिहायला घेतलं. नीरक्षीर, तुम्ही अजून तिथं असलात तर बघा, हे छापील आहे, माझ्या नावानं आहे आणि मातोश्रींना विचारून लिहिलेलं आहे. पृष्ठ क्रमांक तुमचे तुम्ही बघून घ्या. बोरखेळ्ळीच्या नागव्वाची खळ अशी: चिंचोके तीन दिवस पाण्यात भिजू घालायचे, रोज पाणी बदलायचं. फुगले की दगडावर चोळून साल काढायची. पाट्यावर गुळगुळीत वाटायचं, मंद आचेवर शिजवायचं, हात हलता ठेवायचा, गुठळी होऊ द्यायची नाही. कोमट झालं की फडक्यातून गाळून कुंच्यानं सुताला लावायचं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कोरडी जागा न ठेवता. हे सगळं बाई करते. खळीचे चिंचोके भाजत नाहीत. भाजलेले असायचे मूठभरच, ते माझ्यासाठी.